बीपीची गोळी चालू आहे? मग या चुका टाळा

नारायण पेठेत मेडिकल चालवतो, त्यामुळे एक वाक्य रोज कानावर पडतं : "बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली." अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळेच! अॅम्लोडिपिनचा अंमल सावकाश ओसरतो. त्यामुळे बंद केल्यावरही दोन-तीन दिवस मशीन बरा आकडा दाखवतं, आणि माणूस घरभर सांगत सुटतो की आपलं गोळीवाचून चालतं. पुढे आकडा चढतो तेव्हा मोजणंच सोडलेलं असतं, कारण दुखत काहीच नाही. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन असेल तर एकदम थांबवणं फारच वाईट, बीपी उसळी मारतं. वजन उतरलं, रोज पर्वती चढायला लागलात, मीठ कमी केलंत, तर डोस कमी होऊ शकतो. पण तो डॉक्टरांनी करायचा, व्हॉट्सअॅपवरच्या मेव्हण्याने नाही.

याच उतावळेपणाची दुसरी तऱ्हा म्हणजे चार दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून डॉक्टर बदलणारे. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चारेक आठवडे लागतात. तेवढा दम नसेल तर तिसरा डॉक्टरही काय करणार?

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. आमच्या एक नेहमीच्या काकू दवाखान्यात राहून घरी आल्या. सकाळी पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, पाय सुजून चपला होईनात. "अशक्तपणा असेल, टॉनिक द्या," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, टॉनिक राहू द्या. घरात बीपीच्या जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा." त्यांनी काउंटरवर तीन स्ट्रिपा मांडल्या. दोन जुन्या : टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५. तिसरी डिस्चार्जच्या कागदावरची, वेगळ्याच कंपनीची, आणि तिच्यात तीच दोन्ही औषधं एकत्र, त्याच पॉवरची. नाव नवं म्हणून काकूंना वाटलं गोळीही नवी, आणि रोज तिन्ही पोटात. म्हणजे दोन्ही औषधं दुप्पट! तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जुन्या दोन्ही थांबवायला सांगितल्या. काकूंचा पहिला प्रश्न : "मग या उरलेल्या गोळ्या परत घ्याल ना?"

तेव्हा चष्मा लावा आणि स्ट्रिपवर ब्रँडखेरीज छापलेलं औषधाचं नाव वाचा. ब्रँडपुढचं एएम, एच हे शेपूटही बघा. एएम म्हणजे सोबत अॅम्लोडिपिन, एच म्हणजे लघवी वाढवणारं औषध. फोनवर "ती चाळीसची पाठवून द्या" म्हणणाऱ्यांना मी आधी स्ट्रिपचा फोटो मागतो. लोक चिडतात. चिडू देत.

गुडघेदुखीवर परस्पर घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन बीपी वाढवतं, आणि बीपीच्या गोळ्यांसोबत किडनीवरही ताण आणतं. "बीपी उतरतच नाही," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, "दुखण्याची गोळी कुठली खाता?" नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही त्याच माळेतल्या.

टेल्मिसार्टन स्ट्रिपमधून काढून आठवड्याच्या डबीत भरू नका, हवेतला ओलावा शोषून ती खराब होते.

जिना चढून आल्या आल्या मशीन लावू नका. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आणि अर्धा तास आधी चहा नको.

गोळीचा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो. कफ सिरप पीत बसू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन चालत नाही. डॉक्टरांना लगेच गाठा.

लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनसोबत ते विचारल्याशिवाय नको. आणि संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव घालून "मीठ सोडलंय" म्हणणाऱ्यांनो, सैंधव हेही मीठच. सोडायची नाही ती त्या दिवशीची गोळी. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन रिकाम्या पोटी घोटभर पाण्याबरोबरही चालते.