डिस्ने मॅरेथॉनचं प्रेक्षक पॅकेज: घ्यायचं का, आणि घ्यायचं तर पैसे कसे भरायचे

मॅरेथॉन धावते अमेरिकेतली लेक, पण पाय भरून येतात ते तिची वाट बघत उभ्या राहिलेल्या आई-बाबांचे. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९४ पासून जानेवारीत ही मॅरेथॉन भरते. पहाटे ५ वाजता सुरुवात, चारही थीम पार्कांतून जाणारा ४२.२ किलोमीटरचा रस्ता आणि शेवट एपकॉटपाशी. या शर्यती भरवणाऱ्या 'रनडिस्ने'कडून प्रेक्षकांसाठीही पैसे घेऊन पॅकेज दिलं जातं, त्याचं नाव 'चिअर स्क्वॉड'. (इंग्रजीत लिहिताना 'चिअर'मधला 'इअर' मोठ्या अक्षरांत लिहितात, म्हणजे मिकीचे कान. डिस्नेवाले कान सोडत नाहीत.)

आधी ठरवा: गरज आहे का?

प्रेक्षकांसाठी ठरवून दिलेल्या जागी उभं राहून टाळ्या वाजवायला एक पैसाही लागत नाही. पॅकेजमधून मुख्यतः मिळते ती शेवटच्या रेषेजवळची राखीव जागा. वरच्या दर्जाच्या पॅकेजात आजवर तंबू, खाणंपिणं आणि वेगळी स्वच्छतागृहंही असत. दर्जांची नावं आणि आत काय मिळणार हे बदलत राहतं, म्हणून मागच्या वर्षी कुणी काय सांगितलं यावर जाऊ नका. तुमच्या शर्यतीच्या पानावरची यादी ओळ न् ओळ वाचा.

आता वेळेचा हिशोब करू. इथे मैलाला १६ मिनिटं हा चालवून घेतला जाणारा सर्वात सावकाश वेग, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला जवळजवळ ७ तास. त्यात हजारो लोक एकदम सुटत नाहीत, गटागटाने सोडतात. लेक मागच्या गटात असेल तर ती दुपारी येणार, आणि तुम्ही हॉटेलातून निघालात अंधारात. जानेवारीतली पहाट कधी कधी चांगलीच गारठलेली असते. २०१० च्या अर्धमॅरेथॉनला तर बर्फमिश्रित पाऊस पडला होता.

माझं मत सरळ आहे. बरोबर साठीच्या पुढचे आई-बाबा असतील, गुडघ्यांची तक्रार असेल, तर यादीत खुर्ची आणि स्वच्छतागृह आहेत हे बघून पैसे द्या. खुर्ची आणि जवळचं स्वच्छतागृह यांचीच ती किंमत आहे. तरुण मंडळींनी मात्र ते डॉलर वाचवावेत आणि मोनोरेलने फिरत दोन-तीन ठिकाणी धावणाऱ्याला गाठावं. एकाच जागी बसलात तर सहा तासांत तुम्हाला ती जेमतेम अर्धं मिनिट दिसते.

कोणत्या दिवसाचं?

त्या आठवड्यात ५ किमी, १० किमी, अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन अशा चार दिवस चार शर्यती असतात. चारही धावणाऱ्यांच्या आव्हानाला 'डोपी' म्हणतात. पॅकेज त्या त्या शर्यतीपुरतं असतं. लेक डोपी करतेय म्हणून एका पॅकेजात चारही पहाटा मिळतील असं समजू नका. एकच घ्यायचं तर रविवारच्या मॅरेथॉनचं घ्या.

व्हिसा हातात आहे का?

नोंदणी कित्येक महिने आधी उघडते, आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाहीत, असंच धरून चला. आई-बाबांचा व्हिसा मुलाखतीच्या रांगेत अडकला असेल तर थांबा. जागा संपण्याची भीती खरी आहे, पण खुर्ची ऑर्लँडोत आणि बाबा नाशकात अशी वेळ नको.

घड्याळ लावा

नोंदणी साधारण तिकडच्या सकाळी १० ला उघडते. अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ७:३०, नसेल तर ८:३०. संकेतस्थळावर आभासी रांग लागते. त्या रांगेत असताना पान पुन्हा पुन्हा लोड करू नका. धावणाऱ्याने स्वतःची नोंदणी करतानाच पॅकेज जोडण्याची सोय दिसली तर तिथेच जोडून टाका, कारण दुसऱ्यांदा रांगेत उभं राहणं वाचतं.

कार्ड तयार ठेवा

लेकीच्या अमेरिकी कार्डावरून भरणं सर्वात सोपं. बाबांचा हट्टच असेल की "पैसे मी देणार", तर भारतातलं कार्ड आदल्या दिवशीच तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय सुरू होत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करा, आणि मर्यादा लागेल तेवढीच ठेवा. हे महत्त्वाचं, कारण परदेशी संकेतस्थळं बऱ्याचदा ओटीपी मागतच नाहीत. कार्ड क्रमांक आणि सीव्हीव्हीवर काम होतं. काम झालं की परदेशी व्यवहार बंद करून टाका.

पत्त्याच्या रकान्यात हमखास गाडी अडते. आधी देश 'भारत' निवडा. देश अमेरिका राहिला तर पाच अंकी झिप कोड मागितला जातो आणि आपला सहा अंकी पिन कोड बसत नाही. माझ्या ओळखीच्या एका काकांनी शेवटचा अंक खोडून बसवला. कार्ड नाकारलं गेलं आणि काकांनी दोष दिला तो डिस्नेला नव्हे, जावयाला.

रक्कम रुपयांत दाखवण्याचा पर्याय आला तर डॉलरच ठेवा. रुपयांतला दर सहसा महाग पडतो. हिशोब असा: समजा पॅकेज १०० डॉलरचं आणि डॉलर ८८ रुपयांचा, तर झाले ८,८०० रुपये. बँक ३.५ टक्के परकीय चलन शुल्क लावत असेल तर त्याचे ३०८, आणि त्या ३०८ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५५ रुपये. एकूण ९,१६३. कर किंवा इतर शुल्क असेल तर ते पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर दिसेल, तोच आकडा खरा धरा.

पैसे कापल्याचा मेसेज आला पण पुष्टीची ईमेल आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा बटण दाबू नका. आधी स्पॅम तपासा, मग संकेतस्थळावरच्या खात्यात खरेदी दिसते का ते बघा. नाहीतर दोनाची चार पॅकेजं होतील.

मिळालं, पुढे काय?

ईमेल छापून घ्या. पॅकेजचं साहित्य शर्यतीआधीच्या एक्स्पोत (धावणाऱ्यांना त्यांचे नंबर वाटले जातात त्या प्रदर्शनात) कुठे आणि कधी मिळेल ते तिच्यात बघा. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या शर्यतींचा एक्स्पो ईएसपीएन वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स संकुलात भरतो. जाताना पासपोर्ट जवळ हवा, आणि खरेदी ज्याच्या नावावर आहे तो माणूस बरोबर असलेला बरा. वीज कडाडू लागली तर शर्यत रद्दही होते. जानेवारी २०१७ मध्ये अर्धमॅरेथॉन त्यामुळेच रद्द झाली होती. तेव्हा अटींमधलं हवामानाचं कलम पैसे भरण्याआधीच वाचून ठेवा.

शर्यतीच्या पहाटे रस्ते बंद होतात, त्यामुळे निघण्याची वेळ हॉटेलात आदल्या रात्रीच विचारा. आईला शाल द्या, बाबांना मोबाइलवर लेक कुठवर आली हे दाखवणारं ट्रॅकिंग सुरू करून द्या, आणि लेकीच्या टी-शर्टचा रंग दोघांकडून पाठ करून घ्या.