जर्मनीतल्या कोलोनमधले गे बार: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

राजेहो, संध्याकाळी सातलाच निघू नका. शाफेनश्ट्रासेवरचे बार शुक्रवार-शनिवारी दहानंतरच रंगात येतात. रुडोल्फप्लात्झला ट्राममधून उतरलं की ही गल्ली चालत जवळच.

आधी ब्रॉयहाउसमध्ये, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या पारंपरिक खानावळीत, जेवून घ्या. तिथे कोल्श बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते. ग्लास संपला की वेटर न विचारताच दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या बिअरमॅटवर पेन्सिलीची रेघ ओढतो. पुरे झालं की मॅट ग्लासावर झाकायची, नाहीतर रेघा वाढतच जातात. बिल त्याच रेघांवरून होतं, म्हणून मॅट हरवू नका.

कार्ड सगळीकडे चालत नाही, सुटे युरो हवेतच. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घरी न सांगितलेले तिथेही असतात. जुलैच्या सुरुवातीला प्राइड, तेव्हा हॉटेलं महाग.