पीएफ१ फाज टाकून आरडीसी मोजताय? मग या चुका टाळा

एनएमआरमध्ये प्रोटीनचा एचएसक्यूसी (प्रत्येक एन-एच जोडीचा पीक दाखवणारा स्पेक्ट्रम) मस्त आलाय, असाइनमेंट (कुठला पीक कुठल्या अमिनो आम्लाचा ते) पण झालंय, आता गाइड म्हणतात आरडीसी (रेसिड्युअल डायपोलर कपलिंग) घेऊन टाक, आणि लॅबच्या फ्रीजमध्ये पीएफ१ फाजची (बॅक्टेरियाला लागणाऱ्या लांबट व्हायरसची) एक व्हायल पडलेलीच असते, ती उघडायची आणि थेट सॅम्पलमध्ये ओतायची. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. द्रावणात रेणू सगळीकडे गरागरा फिरत असतो म्हणून डायपोलर कपलिंगची, म्हणजे दोन अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाच्या एकमेकांवरच्या थेट परिणामाची, सरासरी शून्य होते. एन-एच जोडीचं मूळ कपलिंग २० किलोहर्ट्झच्या वर असतं, पण दिसत काहीच नाही. आता सॅम्पलमध्ये लांबट, ताठ असं काहीतरी टाकलं जे चुंबकात क्षेत्राच्या दिशेने उभं राहतं, तर रेणूला पण किंचित कल येतो, अगदी हजारात एक म्हणा, आणि तेवढ्यावर १०-२० हर्ट्झचं कपलिंग परत हाती लागतं. बाँड कुठल्या दिशेला आहे ते त्यातून कळतं. एनओई (जवळजवळच्या प्रोटॉनमधलं अंतर सांगणारा सिग्नल) ५-६ अँगस्ट्रॉमच्या पुढचं काही सांगत नाही, त्यामुळे दोन डोमेन एकमेकांशी कशी बसलीत वगैरे प्रश्नांना आरडीसीच लागतो. १९९७ मध्ये त्यांद्रा आणि बॅक्स यांनी हे बायसेल (लिपिडच्या बारीक चकत्या) वापरून केलं, १९९८ मध्ये हॅन्सन, म्युलर आणि पार्डी यांनी पीएफ१ वापरला, आणि त्याच वर्षी क्लोर, स्टारिच आणि ग्रोनेनबोर्न यांनी एफडी फाज आणि तंबाखूचा मोझॅक व्हायरस.

पीएफ१ म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसाला लागणारा व्हायरस. लांबी साधारण २ मायक्रॉन, जाडी जेमतेम ६-७ नॅनोमीटर. आत ७३४९ बेसचा एकेरी डीएनए आणि बाहेर ४६ अमिनो आम्लांच्या कोट प्रोटीनच्या हजारो प्रती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, याचा पृष्ठभाग निगेटिव्ह चार्जवाला आहे.

चार्ज न बघता फाज टाकणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. लोक फाजला नुसतं कुंपण समजतात, की रेणू त्याला धडकून वळणार बास. तसं नाहीये. तुमच्या प्रोटीनचा पीआय (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य होतो तो) ९ असेल आणि बफर ६.५ पीएचला असेल तर ते पॉझिटिव्ह आहे, ते सरळ फाजला जाऊन चिकटतं, मग पीक रुंद होतात, अर्धे गायब होतात, आणि आपण प्रोटीन खराब झालं म्हणून पुन्हा एक्सप्रेशनला बसतो. आरएनए-डीएनएवाल्यांची मात्र चंगळ आहे, त्यांचे रेणू मुळातच निगेटिव्ह, फाजपासून लांब राहतात, त्यामुळे न्यूक्लिक ॲसिडसाठी पीएफ१ इतकं सरळ जाणारं माध्यम क्वचितच सापडेल.

प्रोटीन बेसिक (जास्त पीआयचं, पॉझिटिव्ह) असेल तर आधी २-३ मिग्रॅ/मिली इतकाच फाज टाकून साधा एचएसक्यूसी बघा. पीक रुंद झाले तर मीठ वाढवून बघा, चिकटणं कमी होतं, पण मीठ वाढवलं की क्रायोप्रोबची (थंड केलेल्या डिटेक्टरची) सेन्सिटिव्हिटी घसरते आणि ९० डिग्री पल्स बदलतो, तो परत कॅलिब्रेट करा. तरी जमत नसेल तर हट्ट सोडा आणि सी१२ई५-हेक्झॅनॉल (चार्ज नसलेलं डिटर्जंट आणि अल्कोहोलचं माध्यम) किंवा ताणलेलं पॉलिॲक्रिलमाइड जेल घ्या. दुसरं टोक म्हणजे पीएच. फाजचा स्वतःचा पीआय ४ च्या आसपास आहे, त्यामुळे ५ च्या खाली गेलात की फाजच एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात.

बाटलीवरच्या आकड्यावर विश्वास

लेबलवर ५० मिग्रॅ/मिली लिहिलंय म्हणजे आजही तेवढंच असेल असं नाही. २७० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स घ्या, १ मिग्रॅ/मिलीला १ सेंटीमीटर क्युव्हेटमध्ये २.२५ येतं. भरपूर डायल्यूट करून घ्या आणि स्कॅटरिंगची बेसलाइन वजा करा. फाज चिकट असतो, पिपेट सांगेल तेवढा येत नाही, म्हणून टिपचं टोक कापा नाहीतर सरळ वजनावर घ्या. व्हॉर्टेक्स नको, हलक्या हाताने उलटंपालटं करा, बुडबुडे गेले पाहिजेत.

ड्युटेरियमचं स्प्लिटिंग न बघणं, किंवा फक्त तेच बघणं

फाज अलाइन झाला की पाण्याच्या ड्युटेरियमच्या सिग्नलचे दोन भाग होतात, ढोबळमानाने १ मिग्रॅ/मिलीला १ हर्ट्झ, म्हणजे १० मिग्रॅला १० च्या आसपास. एक मिनिटाचं काम आहे, तरी लोक टाळतात. आरडीसीच्या आधी घ्या आणि नंतर पण घ्या, आकडा बदलला असेल तर रात्रभराचा डेटा एकाच अलाइनमेंटचा नाही. दोन पीकच्या मधोमध तिसरा दिसला तर सॅम्पलचा काही भाग अलाइनच झालेला नाही, बहुतेक नीट मिसळलेलं नाही किंवा फाज कमी आणि मीठ जास्त आहे. लॉक (चुंबकक्षेत्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) याच फुटलेल्या सिग्नलवर असतो, त्यामुळे ऑटोशिम (क्षेत्र आपोआप एकसारखं करणं) कधीकधी भलतीकडेच जातं. अशा वेळी प्रोटॉनवर ग्रेडियंट शिम केलेलं बरं.

पण एक लक्षात ठेवा, पाण्याचं स्प्लिटिंग फाज किती आहे ते सांगतं, तुमचं प्रोटीन किती कललंय ते नाही. तेच १० हर्ट्झ स्प्लिटिंग असताना एका प्रोटीनचे आरडीसी ५ च्या आत आणि दुसऱ्याचे ३० च्या पुढे असू शकतात, कारण ते चार्ज, आकार आणि मिठावर ठरतं. अलाइनमेंट जास्त झालं तरी बोंबच, प्रोटॉन-प्रोटॉन कपलिंगमुळे रेषा पसरतात. मग फाज कमी करा किंवा मीठ थोडं वाढवा.

चिन्हाचा घोळ

हा फार गुपचूप चावतो. नायट्रोजन-१५ चा जायरोमॅग्नेटिक रेशो निगेटिव्ह आहे, म्हणून एन-एचचं ‘J’ कपलिंग (बाँडमधून येणारं, फाज नसतानाही दिसणारं) उणे ९३ हर्ट्झच्या आसपास असतं. स्पेक्ट्रममध्ये आपल्याला फक्त अंतर दिसतं. अलाइन केल्यावर अंतर १०३ झालं तर खरं मूल्य उणे १०३, म्हणजे आरडीसी उणे १०. एक्सेलमध्ये १०३ वजा ९३ केलं की अधिक १० येतं आणि सगळी यादी उलटी होते. वाईट भाग हा की फक्त एन-एच डेटा असेल तर रचनेशी फिट तितकाच सुंदर येतो, क्यू फॅक्टर (फिट किती जुळला त्याचा आकडा) पण छान, कारण टेन्सरच (रेणू कुठे आणि किती कललाय ते सांगणारा आकड्यांचा संच) उलट्या चिन्हाचा निघतो आणि कोणाला कळत नाही. सी-एचचे आकडे त्यात मिसळले किंवा पेल्स (रेणूच्या रचनेवरून अलाइनमेंटचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर) याच्या प्रेडिक्शनशी ताडून बघितलं की मग डोकं धरायची वेळ येते. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरचं चिन्हाचं कन्व्हेन्शन वेगळं, मॅन्युअल वाचाच. आणि ट्रॉझी (एन-एचच्या फुटलेल्या पीकपैकी फक्त बारीक पीक घेणारा प्रयोग) व एचएसक्यूसीच्या पीकमधला फरक घेतला असेल तर तो निम्मा असतो, दुप्पट करायला विसरू नका.

फाजशिवायचा सॅम्पल पण त्याच बफरमध्ये, त्याच तापमानाला मोजा. जुन्या प्रोजेक्टमधले आकडे उचलून वजाबाकी करू नका.

फिटिंगमधल्या लबाड्या

टेन्सरला पाचच अनोन असतात, म्हणून सहा-सात आरडीसी घेऊन सुंदर फिट दाखवणं सोपं आहे, त्याला अर्थ नाही. हलणारे लूप आणि टोकं आधी काढा, हेटेरोन्यूक्लिअर एनओई बघून. साधारण दहा टक्के डेटा बाजूला ठेवून क्रॉस व्हॅलिडेट करा. एकाच माध्यमात डोमेनच्या दिशेची चार उत्तरं निघतात, त्यासाठी दुसरं माध्यम लागतं, आणि इथे लोक पीएफ१ नंतर एफडी घेतात. दोन्ही निगेटिव्ह, दोन्ही लांबुळके, टेन्सर बऱ्याचदा जवळपास तोच येतो आणि मेहनत वाया. ज्याचा चार्जच नाही असं काहीतरी घ्या. डिटर्जंटमधल्या मेम्ब्रेन प्रोटीनला तर फाज नकोच, तिथे जेल, किंवा डग्लस, चाऊ आणि शिह यांनी २००७ मध्ये दाखवलेल्या डीएनए नॅनोट्यूब.

बाकी किरकोळ: फाज ४ डिग्रीला ॲझाइड घालून ठेवा, फ्रीझ करू नका. तुमच्या बफरमध्ये अल्ट्रासेंट्रिफ्यूजने दोन-तीनदा धुवून घ्या, कारण बॅक्टेरियाचे प्रोटीएझ आणि न्यूक्लिएझ राहिलेले असू शकतात, आरएनएवाल्यांनी तर नक्कीच. पेलेट (तळाशी बसलेला फाज) लगेच सुटत नाही, रात्रभर भिजू द्या. स्वतः वाढवणार असाल तर होस्ट बॅक्टेरिया आजार करणारा आहे, ग्लव्हज आणि बायोसेफ्टी कॅबिनेटशिवाय नाही. आणि प्रयोग फसला म्हणून महागातलं आयसोटोपवालं सॅम्पल बेसिनमध्ये ओतू नका, प्रोटीन फाजला चिकटलेलं नसेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फाज खाली बसतो आणि प्रोटीन वर राहतं, चिकटलं असेल तर आधी मीठ वाढवून मग फिरवा.