भिंतीला टेक्स्चर का द्यायचं आणि कसं

रात्री दिवे बंद करा आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. एरवी सपाट वाटणाऱ्या भिंतीवरचे उंचवटे, खड्डे, वायरिंगच्या बुजवलेल्या खाचा लगेच उठून दिसतील. खिडकीतून तिरपं ऊन आलं की दिवसाही हेच होतं, आणि चकाकणारा रंग असेल तर जास्तच. टेक्स्चरचं, म्हणजे भिंतीवर मुद्दाम दिलेल्या खडबडीत नक्षीच्या थराचं, खरं काम इथे आहे. मुद्दाम पाडलेल्या शेकडो बारीक सावल्यांमध्ये गिलाव्याच्या दोषाच्या चार सावल्या विरून जातात.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत एकही भिंत ओळंब्यात नाही. ती सरळ करायची तर जाड गिलावा चढवावा लागला असता. म्हणून टेक्स्चर दिलं, पण पहिल्यांदा चूक झाली. पलीकडे बाथरूम असलेली भिंत आम्ही निवडली. तो पावसाळा सरेपर्यंत रंगाखाली पांढरा लोणा (ओलीने वर येणारे क्षार) फुलला आणि हात लावताच पापडासारखे पोपडे हातात आले. टेक्स्चर खड्डे झाकतं, ओल नाही. उलट ओल आत वाढत राहते आणि उशिरा कळते.

म्हणून आधी ओल तपासा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा भिंत काळपट दिसली, तर आधी गळती शोधा. थेंब फक्त बाहेरून असतील तर ती हवेतली ओल. ठाण्यात हे काम दिवाळीनंतर, मे संपायच्या आत काढावं. पावसात थर सुकायला फार वेळ घेतो.

भिंत कोरडी असेल तर सुटे पोपडे खरवडा, भेगा पुट्टीने भरा, पॉलिश पेपर मारून धूळ पुसा आणि प्रायमर लावा. नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा. छताच्या आणि स्विचबोर्डच्या कडांना मास्किंग टेप लावा.

आता मुख्य काम. नक्षी आधी प्लायवूडच्या तुकड्यावर करून बघा, हात बसतो. तयार अ‍ॅक्रिलिक टेक्स्चर पत्र्याच्या पट्टीने एक ते दोन मिलिमीटर जाड पसरा. एका वेळी तीन फूट रुंदीचाच पट्टा घ्या. एकाने थर लावावा, दुसऱ्याने लगेच मागून नक्षीचा रोलर फिरवावा, कारण कड सुकली की जोड कायमचा दिसतो. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात संपवायची, मध्ये चहालासुद्धा थांबायचं नाही. ओली चमक गेली की वर आलेली टोकं पट्टीने अलगद दाबा. नाहीतर ती कोपराला ओरखडे काढतात, लहान मुलांच्या तर हमखास.

किमान २४ तास सुकू द्या. मग राहिलेली टोकं १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि धुता येईल अशा मॅट (न चकाकणाऱ्या) इमल्शन रंगाचे दोन हात द्या.

गॅसच्या ओट्यामागे टेक्स्चर नकोच. खाचांत बसलेला तेलकट चिकटा निघत नाही. घरात एकच भिंत करावी असं मी सांगेन, शक्यतो खिडकीलगतची. उरलेला माल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तोच रोलर धुऊन जपा. पुढे कुठे खिळा ठोकून खपली निघाली, तर जोडकाम त्याच रोलरने जुळतं.