वनस्पतींच्या अ‍ॅक्वेरियममध्ये खत किती घालावे आणि पाणी किती बदलावे

जलवनस्पतींच्या टाकीत खताची मात्रा आणि पाणी बदलण्याचे प्रमाण हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. पाने पिवळी पडली की खत वाढवायचे, शेवाळ आले की पाणी बदलायचे, असे आलटून पालटून करत राहिले तर टाकीतल्या पाण्यात नेमके काय आणि किती साठले आहे याचा पत्ता लागत नाही. खरे तर हा एकच हिशेब आहे.

समजा दर रविवारी निम्मे पाणी बदलले आणि त्यानंतर नायट्रेट (वनस्पती शोषतात ते नत्राचे रूप) १० पीपीएमने, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅमने, वाढेल एवढे खत घातले. पहिल्या रविवारी पाण्यात १० असतील, दुसऱ्या रविवारी १५, तिसऱ्या रविवारी १७.५, चौथ्या रविवारी १८.७५, वनस्पतींनी काहीच शोषले नाही असे धरले तरी हा आकडा २० ओलांडत नाही. तेवढेच खत घालून पाणी मात्र चतुर्थांशच बदलले तर आकडा हळूहळू ४० पर्यंत चढतो, आणि दहावा हिस्सा बदलला तर १०० पर्यंत. थोडक्यात, आठवड्याच्या मात्रेला बदललेल्या पाण्याच्या हिश्शाने भागावे; येणारे उत्तर ही साठ्याची कमाल मर्यादा. जलवनस्पतींचे जाणकार टॉम बार यांनी रूढ केलेल्या ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ पद्धतीचा पायाही हाच आहे. तिच्यात सढळ हाताने खत घालतात आणि आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा आटोक्यात ठेवतात. माशांच्या खाद्यातून येणारे नायट्रेट या हिशेबाबाहेरचे असते, म्हणून मासे जास्त असतील तर मात्रा सुरुवातीपासूनच कमी ठेवावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आधी टाकीतले खरे पाणी मोजावे. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी कागदावर ६५ लिटरची भरते, परंतु तळाची माती, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता तिच्यात ५० लिटरच्या आसपासच पाणी राहते. मातीच्या वरच्या पाण्याच्या उंचीच्या मध्यावर काचेला बाहेरून चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे निम्मे पाणी म्हणजे किती हे दर वेळी अंदाजाने ठरवावे लागत नाही.

त्यानंतर नळाचे पाणी तपासावे. ही पायरी बरेच जण गाळतात. शेतीभागातल्या बोअरच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. अशा ठिकाणी पाणी बदलणे म्हणजेच खत घालणे असते, आणि वेगळ्या नायट्रेटची गरजच उरत नाही.

खतासाठी महागड्या बाटल्यांची सक्ती नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणारी विद्राव्य खते चालतात: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. १९:१९:१९ आणि १२:६१:० मात्र टाकीजवळही नेऊ नयेत, कारण त्यांतला अमोनियाच्या रूपातला नत्र माशांच्या जिवावर बेततो. १३:०:४५ चे ८ ग्रॅम २५० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. या द्रावणाच्या २५ मिलिलिटरमध्ये ०.८ ग्रॅम खत येते आणि ५० लिटर पाण्यातले नायट्रेट साधारण ९ पीपीएमने वाढते. दुसऱ्या बाटलीत ०:५२:३४ चे ०.७ ग्रॅम तेवढ्याच पाण्यात घ्यावे. त्याच्या २५ मिलिलिटरने फॉस्फेट सुमारे १ पीपीएमने वाढते. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा हवा, चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. (या मापाने १३:०:४५ ची एक किलोची पिशवी चोवीस वर्षे पुरेल, तेव्हा उरलेले खत हवाबंद डब्यात ठेवावे किंवा बागेला द्यावे.) लोह व इतर सूक्ष्म अन्नद्रव्यांचे द्रावण वेगळ्या बाटलीत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी घालावे, कारण लोह आणि फॉस्फेट एकत्र आले की साका तळाशी बसतो.

वर दिलेली आठवड्याची मात्रा भरपूर प्रकाश असलेल्या आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा सोडलेल्या टाकीसाठी आहे. जावा फर्न, अनुबियास यांसारख्या संथ वाढणाऱ्या वनस्पतींच्या साध्या टाकीत तिचा चौथा हिस्सा घालावा आणि आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलावे. भागाकार करून पाहिला तर कमाल साठा १० च्या आतच राहतो.

पाणी बदलताना आधी जुने पाणी काढावे, मग क्लोरीन काढलेले नवे पाणी भरावे आणि खत सर्वांत शेवटी घालावे. क्रम उलटला तर निम्मे खत बादलीत जाते. एका मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी किती तापले आहे ते हात बुडवून न पाहता मी तसेच सोडले आणि संध्याकाळपर्यंत सहा टेट्रा मासे गमावले. तेव्हापासून पाणी पहाटे पिंपात भरून ठेवतो. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची भर घालणे हे पाणी बदलणे नव्हे, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. टीडीएस मीटरवरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा आठवड्यागणिक चढत असेल तर हेच घडत आहे असे समजावे, मात्र कोणता क्षार वाढला ते हे यंत्र सांगत नाही. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत एकदम निम्मे पाणी बदलू नये. एक दिवस आड १५ ते २० टक्के बदलत माशांना सवय होऊ द्यावी.

पुढचे फेरबदल पाने पाहून करावेत. जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नत्र कमी आहे, जुन्या पानांना बारीक छिद्रे पडली तर पोटॅश, आणि कोवळी पाने फिकट निघाली तर बहुधा लोह. एका वेळी एकच मात्रा बदलून दोन-तीन आठवडे थांबावे. खराब झालेले पान पुन्हा हिरवे होत नसल्यामुळे निकाल नव्या पानांवरूनच ठरवावा.

एखाद्या रविवारी पाणी बदलणे राहिले तर त्या आठवड्याचे खतही वगळावे. गणपतीला दहा दिवस गावी जायचे असेल तर शेजाऱ्यांच्या हाती खताच्या बाटल्या देऊ नयेत. प्रकाश सहा तासांवर आणून ठेवावा आणि परतल्यावर आधी निम्मे पाणी बदलून मगच खत सुरू करावे.