ऑर्थो वॉर्डात मदतनीस आहात? या चुका टाळा

आंबा काढणी सुरू झाली की कोकणातल्या ऑर्थो, म्हणजे हाडांच्या वॉर्डात झाडावरून पडलेले गडी येऊ लागतात. पावसात येतात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून घसरून खुबा मोडलेल्या आज्या. डॉक्टर राऊंडला येऊन जातात, सिस्टरच्या हाताखाली अख्खा वॉर्ड असतो. पेशंटजवळ सतत असतात ते मावशी आणि वॉर्डबॉय, म्हणून हे त्यांच्यासाठी.

सगळ्यात घातक चूक म्हणजे "हाड मोडलंय, दुखणारच" असं म्हणून पेशंटला गप्प करणं. नडगी मोडलेला माणूस इंजेक्शन घेऊनही कळवळतोय, पायाची बोटं जराशी ताणली तरी ओरडतोय, "माका बोटा हलवूक जमना नाय" म्हणतोय, तर पायात आतल्या आत दाब वाढत असू शकतो. तसं झालं तर काही तासांत स्नायू कायमचे निकामी होतात. बोटं गुलाबी आणि गरम आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, ती गार पडेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. सिस्टरना तिथल्या तिथे सांगा, आणि नेमकं सांगा: दुखणं कधी वाढलं, इंजेक्शननंतर उतरलं का. तोवर सूज उतरावी म्हणून पायाखाली आणखी उशा सरकवू नका, प्लास्टर स्वतः कापायलाही जाऊ नका.

ओलं प्लास्टर बोटांनी धरू नका, दोन्ही तळव्यांवर उचला. बोटांनी पडलेला खळगा आत कातडीला रुतत राहतो आणि जखम होते. जाड प्लास्टर पुरतं वाळायला दोन-तीन दिवस लागतात, आपल्या दमट हवेत त्याहून जास्तही. ते चादरीखाली झाकू नका, पंखा चालू ठेवा.

ऑपरेशनच्या सकाळी घोटाळा होतो तो पेजेचा. उपाशी ठेवा म्हटलं तर घरचे भाकरी देत नाहीत, पण पेज म्हणजे पाणीच, असं समजून वाटीभर पाजतात. पेज हे अन्न आहे. भूल देण्याआधी साधारण सहा तास पोटात अन्न नको, नाहीतर उलटी होऊन ते फुफ्फुसात जाऊ शकतं. त्यामुळे नुसतं "काही देऊ नका" सांगून भागत नाही. पेज, चहा, दूध, शहाळं अशी नावं घेऊन आदल्या रात्रीच बजावा. तरीही कोणी दिलंच, तर रागावत बसू नका. लगेच कळवा, ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

दुसरी मायेची चूक तेलाची. झोपून असलेल्या आजीची पोटरी सुजली की लेक खोबरेल तेल घेऊन चोळायला बसते. त्या सुजेत रक्ताची गुठळी असली तर चोळण्याने ती सुटून फुफ्फुसात अडकू शकते. हात धरा, चोळू देऊ नका, सिस्टरना बोलवा. अचानक धाप लागली तर धावत जा.

ट्रॅक्शनचं, म्हणजे मोडलेलं हाड ताणून धरायला दोरीने लावलेलं वजन अधांतरीच लटकलं पाहिजे. झाडूपोछा करताना ते उचलून कॉटवर ठेवू नका. पाठीच्या कण्याला मार असलेल्या पेशंटला एकट्याने कधीच वळवू नका. सिस्टर सांगतील तसं, डोकं-मान धरायला वेगळा माणूस घेऊन, सगळ्यांनी एकदम वळवायचं.

वॉकरवर पायावर किती भार द्यायचा, हे शेजारच्या कॉटवरच्या पेशंटकडे बघून ठरवू नका, प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं असतं. खुब्याचा सांधा बदललेल्या बहुतेकांना खाली पाटावर आणि भारतीय संडासात बसायला मनाई असते. घरी सोडायच्या आदल्या दिवशीच उंच कमोड खुर्चीची सोय झाली का, हे मुलाला विचारा.