पाणघोड्यांचे वर्तन अभ्यासताना: लुआंग्वाच्या काठावरील एक हंगाम

मेळघाटात गव्यांच्या नोंदी घेण्याचा थोडा अनुभव गाठीशी घेऊन मी झांबियातील साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात पाणघोड्यांचे वर्तन अभ्यासायला गेले, तेव्हा ‘कळप’ या शब्दाचा माझ्या मनातील अर्थ तिथेही लागू पडेल असे मी गृहीत धरले होते. तो लागू पडला नाही. दिवसभर एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकवून पाण्यात पडून राहणारे पाणघोडे अंधार पडला की काठ चढतात आणि ज्याच्या त्याच्या वाटेने एकेकटे चरायला जातात. सोबत असते ती फक्त आई आणि पिल्लाची. चराईच्या जमिनीवर कोणी मालकी सांगत नाही. मालकी असते ती पाण्यावर आणि लगतच्या काठावर, आणि ती एका प्रबळ नराची असते. त्याच्या हद्दीत दुसरे नर राहू शकतात, मात्र त्यांनी नमून वागावे आणि माद्यांच्या मागे लागू नये, एवढी अट असते.

हे नीट न समजल्यामुळे माझी पहिल्या दोन आठवड्यांची नोंदवही जवळजवळ वाया गेली. प्रत्येक उघडलेला जबडा मी ‘आक्रमण’ या रकान्यात टाकत होते. जबडा उघडून सुळे दाखवणे हा इशारा असतो आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटते; शिवाय लहान नरही खेळताना तोंडाला तोंड भिडवतात. म्हणून नुसती कृती लिहू नये. ती कोणी केली, कोणाकडे पाहून केली, दोघांत अंतर किती होते आणि पुढच्या मिनिटात कोण मागे सरले, हे चारही तपशील लिहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असे मानू नये.

शेण उडवण्याकडेही असेच बारकाईने पाहावे. प्रबळ नर शेपटी पंख्यासारखी हलवून शेण चौफेर फेकतो, पण कनिष्ठ प्राणीही वरिष्ठासमोर शेपटी हलवत शेण टाकतो आणि तिथे त्याचा अर्थ शरणागतीचा असतो. आवाजाच्या बाबतीत मोझांबिकमधील मापुतो अभयारण्यात झालेले, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन आधी वाचून जावे. तिथे पाणघोड्यांना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, तेव्हा ओळखीच्या हाकेपेक्षा परक्याच्या हाकेला त्यांनी अधिक तीव्र प्रतिसाद दिला आणि शेणही अधिक उडवले. शेजारी ओळखीचा असला की भांडणाची गरज कमी पडते, हे मला काठावर बसून हळूहळू पटत गेले.

खरी कसोटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागते. लुआंग्वा आटत जाते, उरलेल्या डोहांत सगळे दाटीने जमतात, आणि हद्दी इतक्या जवळ येतात की इशारे अपुरे पडतात. दोन तुल्यबळ नर भिडले की खालच्या जबड्यातील सुळे, जे अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतात, प्रतिस्पर्ध्याच्या कुशीत घुसतात, आणि अशा झुंजीत मृत्यूही होतो. नर पिल्लांना मारतात अशाही नोंदी आहेत. नुकतीच व्यालेली मादी काही दिवस पिल्लासह समूहापासून वेगळी राहते. तिच्या आसपास जाणे मी कटाक्षाने टाळत असे.

सशस्त्र वनरक्षकाशिवाय पायी एक पाऊलही टाकू नये. पाणघोडा आणि पाणी यांच्यामध्ये उभे राहू नये, कारण बिथरलेला पाणघोडा पाण्याकडेच धावतो आणि तो माणसापेक्षा वेगवान असतो. पहाटे तो चरून परतत असताना त्याच्या रुळलेल्या वाटेवर तर मुळीच थांबू नये. आम्ही ऊन वर आल्यावर, उंच काठावरून, दुर्बिणीने काम करीत असू.

झुंजींनी पाठीवर आणि कानांवर राहिलेल्या वणांवरूनच एकेक नर ओळखता येतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंची रेखाचित्रे काढून ठेवावीत आणि नवा वण दिसला की त्याच दिवशी त्यात भर घालावी.